आबांच्या देखरेखीखाली बंड

तरुणांचा असंतोष हा राष्ट्राचा ठेवा असून तो वाया जाऊ नये म्हणून वडीलधाऱ्यांनी त्यात जातीने लक्ष घालणे आवश्यक असते. साताऱ्याच्या शिवतेजच्या असंतोषात त्याच्या वडिलांनी, म्हणजे निवृत्त सुभेदार नाथाजी ऊर्फ आबांनी, जेवढं लक्ष घातलं तेवढं प्रत्येकाच्या नशिबी नसतं.

शिवतेजला सैन्यात जायचं नव्हतं. हे आबांना तोंडावर सांगायची छाती होईना, म्हणून त्याने पॉप पंक गाणं लिहिलं. (जे जेवताना बोलता येत नाही ते या प्रकारात गिटार लावून ओरडतात.) चाल त्याच्या मैत्रिणीची, सांगलीच्या प्रांजलची; तिला वडिलांच्या हळदीच्या अडतीवर बसायचं नव्हतं. ध्रुवपद ठरलं: "आबा, मला भरती न्हाई व्हायचं! ऐकताय न्हवं?"

व्हिडिओचं चित्रीकरण कडेगावला, शिवतेजच्या मामाच्या उसात झालं, कारण ते दोघांनाही सारखंच गैरसोयीचं होतं. घरच्यांविरुद्धच्या या बंडाला घरच्यांनी ट्रॅक्टर, जनरेटर आणि मटणाचं जेवण पुरवलं. प्रांजलचे केस पिवळे करायला तिच्या वडिलांनी निवडक राजापुरी हळद पाठवली (भेसळ शून्य टक्के). आमच्या पाहणीनुसार शंभरातले ब्याण्णव बंडखोर दुपारी घरीच जेवतात. उरलेले आठ मावशीकडे.

पटकथेत गिटार आपटून फोडायची होती. आबांनी ती काढून घेतली आणि पोराच्या हातात नारळ ठेवला. "शुभ कामाला नारळच फोडत्यात रं." शिवतेजने तो प्रचंड संतापाने फोडला. खोबरं सगळ्यांना वाटण्यात आलं.

ध्रुवपद आबांनी पुन्हा पुन्हा घ्यायला लावलं. "छाती फुडं काढ! आवाज पार कृष्णेपल्याड गेला पायजे!" दर वेळी पोरगा त्यांच्या डोळ्यांत बघून ओरडला आणि दर वेळी आबांनी समाधानाने मान हलवली. (इथे प्रस्तुत लेखकाला गलबलून आलं, पण तेवढ्यात जेवणाची हाक आली.)

व्हिडिओ तयार झाला. आबांनी तो मोबाइलवर शेवटपर्यंत पाहिला.

"दम लय टिकतोय गड्या. भरतीला पळताना कामाला यील."

तेव्हा शिवतेज गिटारशिवाय, हळू आवाजात म्हणाला, "आबा, मला खरंच न्हाई जायचं."

"हं," आबा म्हणाले. ते माजी सैनिकांच्या ग्रुपवर व्हिडिओ पाठवत होते. खाली लिहिलं, 'चिरंजीवांची भरतीची जोरदार तयारी.'

आबांना हसू नये. माणूस कामात होता. आपणही आत्ता हे मन लावून वाचत असताना आतल्या खोलीतून कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि आपण "हं" म्हणालात. काय म्हणत होतं ते?