थेटे अण्णांची गोल्फची काठी

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर समोर थेटे अण्णा हातात टेप घेऊन उभे.

"सर, सरळ उभे राहा. हात सैल सोडा."

मी सोडले. एका हातात दुधाची पिशवी होती, ती तशीच लोंबत राहिली. अण्णा माझ्या पायाशी उकिडवे बसले. टेपचं एक टोक फरशीवर दाबलं, दुसरं माझ्या मनगटापर्यंत ओढलं, आकडा बघितला, "हं" म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी आत येऊन बायकोला सांगितलं, "अण्णांनी माझं मनगट मोजलं."

"किती भरलं?"

"मनगट नाही गं. मनगट जमिनीपासून किती उंच आहे, ते."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाली, "दूध तापवते."

दुपारपर्यंत कळलं की अण्णांनी अख्खी बिल्डिंग मोजून काढली आहे. वॉचमन सुटला नाही, सोसायटीचे सेक्रेटरी सुटले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना वाटलं, सरकारी योजनेतून काठी मिळणार आहे. त्यांनी दोनदा माप घ्यायला लावलं. एका अर्थी आजी फार चुकल्या नव्हत्या. विषय काठीचाच होता, फक्त गोल्फच्या.

"काठीची लांबी मनगटावरून ठरते," संध्याकाळी अण्णांनी मला खाली बाकावर बसवून सांगितलं. "माझं माप जरा कमी भरतंय. आता माझे हात लांब हायेत का पाय आखूड, हे बाकीच्यांशी ताडून बघितल्याशिवाय कसं कळणार? आधी समजून घेऊ."

'आधी समजून घेऊ' हे अण्णांचं आवडतं वाक्य. ते इंदिरानगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मखमलाबादकडे त्यांच्या घरचा मळा. भाऊ अजून फुलं आणि भाजीपाला करतात. अण्णांनी मात्र एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी धरली आणि कंट्रोल रूममध्ये काटे बघत निवृत्त झाले. तिथे न समजता बटण दाबलं तर काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं. त्यामुळे घरातलं कुठलंही बटण ते समजून घेतल्याशिवाय दाबत नसत. मिक्सर घ्यायचा ठरला, तेव्हा दुकानदारांनी दिलेली पत्रकं वाचण्यात त्यांनी एवढा काळ घालवला की त्यातल्या एका कंपनीने ते मॉडेल बंद केलं. तोवर कुसुमकाकू पाट्यावर चटणी वाटत होत्या. "लग्न तेवढं पटकन झालं," त्या म्हणायच्या, "कारण ते मामंजींनी ठरवलं. यांच्यावर असतं तर मी अजून माहेरीच असते."

काकूंना जाऊन आता दोनेक वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, ज्योती, बंगळुरूला नोकरी करते. अण्णा एकटेच असतात, स्वतःचं स्वतः करून खातात. आणि एके दिवशी या माणसाने जाहीर केलं की आपण गोल्फ शिकणार.

पहिला गोंधळ गावानेच घातला. नाशकात गोल्फ क्लब म्हटलं की माणसं ज्या मैदानावर जातात, तिथे सकाळी लोक चालतात, संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात आणि गोल्फ सोडून सगळं चालतं. अण्णा "गोल्फ शिकायचंय" म्हणाले की समोरचा म्हणे, "मग गोल्फ क्लबवर जा की!" अण्णा खरोखरच जाऊन आले. तिथे एका गृहस्थांना विचारलं, "इथं गोल्फ कुठं खेळतात?" ते म्हणाले, "गोल्फ? अहो, हा गोल्फ क्लब आहे." अण्णा मैदानाला एक फेरी मारून घरी आले.

दुसरा गोंधळ काठ्यांचा. हा मात्र त्यांनी माझ्यापर्यंत आणला.

"सर, एका काठीला वूड म्हणतात."

"लाकडी असणार."

"नाय. धातूची असते."

"बरं. मग?"

"दुसरीला आयर्न म्हणतात."

"ती लाकडी?"

"तीपण धातूची."

"मग फरक काय?"

"तेच तर समजून घ्यायचंय! आणि पुढं ऐका. आयर्नला नंबर असतात. नंबर जेवढा मोठा, तेवढा बॉल जवळ पडतो."

मी भूगोल शिकवतो. मोठ्या प्रमाणाचा नकाशा लहान प्रदेश दाखवतो, हे मुलांना समजावताना दरवर्षी माझाच घोळ होतो. त्यामुळे मी नुसती मान हलवली. अण्णांना ते सहमतीसारखं वाटलं असावं. तेव्हापासून गोल्फच्या कामाला मी त्यांच्याबरोबर जायचं, हे ठरूनच गेलं.

आम्ही कॉलेज रोडवरच्या एका खेळाच्या दुकानात गेलो. तिथे एका कोपऱ्यात, कॅरम बोर्डांच्या मागे, गोल्फचा एक सेट होता. विक्रेता उत्साही होता.

"काका, तुमचा हँडीकॅप किती?"

अण्णांनी मोकळेपणाने सांगितलं, "उजवा गुडघा. चढताना नाय, उतरताना."

त्याला खेळातली पातळी विचारायची होती, पण त्याने विषय बदलला. "शाफ्टमध्ये फ्लेक्स बघावा लागेल. म्हणजे काठी किती लवते ते. रेग्युलर, स्टिफ आणि सीनियर. तुम्हाला सीनियर बरा."

"सीनियर म्हणजे?"

"म्हणजे... जरा वयस्कर..."

"स्टिफ दाखवा," अण्णा म्हणाले.

त्यांनी स्टिफ हातात घेतली, पाय फाकवले, कंबर वळवली आणि बॉल नसताना अशी फिरवली की वर जाळीत टांगलेले फुटबॉल खाली आले. एक तर थेट रस्त्यावर गेला. तो मी पळत जाऊन रिक्षांमधून परत आणला. येईपर्यंत अण्णा विक्रेत्याला विचारत होते, "स्टील घ्यायचं का ग्राफाइट?" विक्रेत्याने घाम पुसत म्हटलं, "काका, तुम्ही घरी जाऊन शांतपणे ठरवा." असं सांगणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

मग देवळाली कॅम्प. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील तिथे राहतात, सैन्यातून निवृत्त झालेले मेजर साहेब. त्यांच्याकडे जुना सेट होता. बंगल्यापुढच्या गवतावर त्यांनी एक काठी काढून अण्णांच्या हातात दिली.

"अरे साहब, सात नंबर उठाओ और मारो. बस."

"पण सातच का?" अण्णांनी विचारलं.

"शुरू में सबके लिए ठीक है."

"मग सहा का नाय? आठ का नाय?"

मेजर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी गुलाबाच्या कुंड्यांकडे बघितलं.

शेवटी अण्णांनी मारलं. पहिल्या फटक्याला बॉल जागेवरच राहिला आणि गवताची एक चकती उडाली. दुसऱ्या फटक्याला बॉल कुठे गेला ते दिसलं नाही, पण शेजारच्या गच्चीवरच्या लोखंडी टाकीचा घणघणाट ऐकू आला. मेजर साहेब म्हणाले, "देखा? लग गया ना! यही सेट ले जाइए." अण्णांनी काठी अदबीने परत दिली. स्कूटरवर मागे बसल्यावर म्हणाले, "माणूस चांगला हाय. पण घाई करतो."

एव्हाना मी खरोखर बुचकळ्यात पडलो होतो. हा माणूस खेळायला मैदान शोधत नव्हता, शिकवणारा शोधत नव्हता. फक्त काठी निवडत होता. आणि निवड होण्याची वेळ आली की दोन पावलं मागे सरकत होता.

एकदा मी वैतागून म्हणालो, "अण्णा, तुम्ही सारखं लॉफ्ट लॉफ्ट म्हणता, ते म्हणजे काय, ते तरी मला नीट सांगा." अण्णा तडक आमच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावरचं उलथनं घेतलं, एक लिंबू ठेवलं. "हे बघा. उलथनं उभं धरून ढकललं की लिंबू सरळ सरपटत जातं. तेच तिरपं करा, लिंबू वर उडतं आणि जवळ पडतं. हा जो तिरपेपणा, तो लॉफ्ट. नंबर वाढला की तिरपेपणा वाढतो. म्हणून मोठा नंबर जवळ पडतो. आणि ग्राफाइट वजनाला हलकं, आमच्या वयाला तेच बरं." लिंबू उडून फ्रिजमागे गेलं. बायको म्हणाली, "मला समजलं." मलाही समजलं. म्हणजे अण्णांना सगळंच समजलेलं होतं. मग अडलं होतं कुठे?

त्यानंतरच्या रविवारी बायकोने वाटीभर शेवग्याची आमटी अण्णांना द्यायला सांगितली. त्यांचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आत अण्णा पाठमोरे बसले होते, फोन स्पीकरवर ठेवून.

"ज्योती, ते लॉफ्ट म्हणजे नेमकं काय गं? माझ्या काय डोक्यात शिरत नाय."

मी दारातच थबकलो.

पलीकडून ज्योती सांगत होती. तिच्या ऑफिसातले लोक गोल्फ खेळतात, तीही शिकली होती. ती अगदी न कंटाळता बोलत होती. मध्येच हसत होती, पहिल्या दिवशी आपली काठीच हातातून कशी सुटली ते सांगत होती. "थांब, थांब," अण्णा म्हणाले, "काठी सुटली म्हणजे कुठं पडली?" "साहेबांच्या पायाशी!" अण्णा हसले. काकू गेल्यापासून त्यांना असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

मी आमटीची वाटी हातात धरून उभा. आत जावं तर चोरी पकडल्यासारखं, मागे फिरावं तर आमटी सांडणार. तेवढ्यात फोन संपला, अण्णा वळले आणि मी दिसलो. मी आत जाऊन वाटी टेबलावर ठेवली.

"बसा," ते म्हणाले.

मी बसलो.

"सर, रविवारी ज्योतीचा फोन आला की मी उचलायचो आणि म्हणायचो, थांब, आईला देतो. कायम तेच. ती हॉस्टेलला होती तेव्हापासून." त्यांनी वाटीवरचं झाकण उगाच सरळ केलं. "कुसुम गेली. फोन आला. मी सवयीनं म्हणालो, थांब, आईला देतो. तिकडं पोरगी गप्प, इकडं मी गप्प. नंतर नंतर आमचं बोलणं म्हणजे, जेवलात का, जेवलो. औषध घेतलं का, घेतलं. ठेवते, ठेव. एकदा ती बोलता बोलता गोल्फ म्हणाली. मी म्हटलं, काठी कुठली घ्यावी गं? तर काय बोलली, काय बोलली! मला काय, खेळायचं थोडंच हाय."

"पण मग घेत का नाही?"

"घेतली की विषय संपला ना."

मी "आमटी गरम आहे तोवर घ्या" असं काहीतरी म्हणून उठलो.

आणि त्याच आठवड्यात ज्योतीचा मला फोन. "काका, अण्णांचं काही ठरत नाही. मीच सेट पाठवून देते. तुमच्याकडे त्यांच्या मनगटाचं माप असेल ना?"

माप अख्ख्या बिल्डिंगला पाठ होतं. पण माझ्या तोंडून ते बाहेर पडेना. "बघून सांगतो," म्हणालो. तिला खरं सांगावं तर अण्णांचं गुपित फुटणार, माप द्यावं तर त्यांचा रविवारचा फोन जाणार. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मुलगी बापाला काही देतेय, तर मध्ये अडवणारे आपण कोण? दे माप." मी दिलं. देऊन झाल्यावरही बरोबर केलं की चूक, ते समजलं नाही.

खोकं आलं तेव्हा अण्णांनी मलाच हाक मारली. आम्ही दोघांनी ते उघडलं. अण्णांनी एकेक काठी दिवाणावर आडवी मांडली. वूड, आयर्न, शेवटी बॉल हळूच ढकलायची ती पटर. ग्राफाइटच्या, हलक्या, बरोबर त्यांच्या मापाच्या. नाव ठेवायला जागा नव्हती. अण्णा एखाद्याला निरोप द्यायला आल्यासारखे त्यांच्याकडे बघत होते.

फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"अण्णा, मिळाला का?"

"मिळाला. चांगला हाय."

"आवडला?"

"आवडला."

मला खोलीतला पंखा ऐकू येऊ लागला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग घाईघाईने म्हणाले, "ज्योती, पण बॉल कुठला घ्यायचा गं? त्यात म्हणे दोन थरांचे असतात, तीन थरांचे..."

पलीकडे ज्योती हसली. "अण्णा, बॉलचं तुम्ही वाचलेलं असणार सगळं. तुम्ही मला स्टील की ग्राफाइट विचारलंत ना, तेव्हाच मला कळलं होतं. अख्खा जन्म वीज केंद्रात काढलेला माणूस स्टीलचं मला विचारतोय!"

अण्णांचा चेहरा पडला. "मग एवढे दिवस सांगत कशाला बसलीस?"

"तुम्ही विचारत होतात म्हणून. गोल्फ राहू द्या आता. आज काय केलंत जेवायला?"

मला वाटलं, आता "जेवलो" म्हणतील आणि संपेल. त्यांनी दिवाणावरच्या काठ्या बाजूला सारल्या, टेकायला जागा केली आणि खाली बसले.

"वांग्याचं भरीत केलं होतं," ते म्हणाले. "पण तुझ्या आईसारखं होत नाय. वरून करपतं आणि आतून कच्चं राहतं."

"गॅस मोठा ठेवता का?"

"मोठाच ठेवतो. ती कशी ठेवायची?"

"ती ना, आधी तेल लावायची, मग..."

मी चपला हातात घेतल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.