दगडूतात्यांची चौकशी

आळेफाट्यावरच्या माझ्या मेडिकलात डोकेदुखीची एक गोळी घ्यायची, तरी आधी दगडूतात्यांना जबाब द्यावा लागे. दुकान माझं, लायसन माझं, चौकशी मात्र त्यांची.

"पावणं, छातीच्या ठोक्याची गोळी चालू हाय का?"

तात्यांनी जन्मभर फाट्यावरच्या गॅरेजात ट्रकची इंजिनं खोलली. ते काम सुटल्यावर माझ्या दुकानातल्या बाकड्यावर बसून माणसं खोलायला घेतली. एकदा लग्नाला निघालेला नवरदेव त्यांनी अडवला. बिचाऱ्याला दाढीचा साबण हवा होता. "डिझेलच्या टाकीत पेट्रोल वतशील का? मंग पोटात भलतं औषध कशाला वततो?" हे ऐकून तो समोरच्या मेडिकलात गेला. तात्यांच्या कृपेने त्या दुकानाची भरभराट चालली होती.

एके दिवशी ते स्वतःच चिठ्ठी घेऊन आले. सुंदराकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, खोकला झाला होता.

"ह्या डॉक्टरला फोन लाव. तिची ठोक्याची गोळी पुण्याच्या डॉक्टरनं दिलीया. ह्याला काय ठावं?"

"तात्या, डॉक्टर शिकलेले असतात."

"तू लाव राव."

पीडा टळावी म्हणून लावला. डॉक्टरांनी ठोक्याच्या गोळीचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाले, "ती खोकल्याची गोळी देऊ नका. ठोक्याच्या गोळीबरोबर चालायची नाही. दुसरी लिहून घ्या." माझी पदवी मागे भिंतीवर फ्रेममध्ये होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

नवी गोळी पुढे केली, तर तात्या घेईनात. "तूच घरी येऊन दे तिला."

"का? काकू तुमचं ऐकत नाहीत?"

"मागं असाच खोकला झाला व्हता. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या म्या दिल्या. आपल्यात देत्यातच की एकमेकाला. ठोक्याच्या गोळीसंगं त्या चालंनात. नाडी हाताला लागंना तिची. आठ दिस दवाखान्यात व्हती."

"म्हणून आता तुमच्या हातून घेत नाहीत?"

"ती घेती रं. माझाच हात पुढं व्हत न्हाई."

इतके दिवस या माणसाची टिंगल केली, याची मला लाज वाटली. दुकानाचं शटर ओढून मी त्यांच्याबरोबर गेलो. गोळी काकूंना दिली नाही, तात्यांच्याच तळहातावर ठेवली. हात पुढे होईना. काकूंनी तो मनगटाशी धरून आपल्या तोंडाकडे ओढला.

"आना हिकडं. किती वाट बघायची मानसानं?"