संकष्टीच्या चौकोनातला नंबर

त्या सिनेटरला रीतभात म्हणून नव्हतीच. बुटांसकट तो सुमित्रामावशींच्या स्वयंपाकघरात शिरला, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, प्लास्टिकच्या पिशवीत सील केलं आणि "थँक्यू, मॅम" म्हणून चालता झाला. आता पुढची संकष्टी कधी, हे सांगणारं घरात काही उरलं नाही.

कारण मात्र गंभीर होतं. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात मावशींच्या समोरच राहणाऱ्या आमदाराला त्याच्याच दारात कुणी गोळी घातली आणि लाल गाडीतून पळ काढला. मावशींची शाळा दुसरीत सुटलेली, एबीसीडीशी तोंडओळखही नाही. पण दारासमोर परकी गाडी थांबली की तिचे आकडे त्या तारखेच्या चौकोनात टिपून ठेवायचे, ही सवय जुनी. त्या दिवशी संकष्टी होती. चौकोनात लिहिलं होतं : लाल गाडी, ४४१७.

आमदाराची बायको रोज कुंपणाशी येऊन विचारी, "एनी न्यूज, मावशी?"

मावशींनी पोलिसांना नंबर सांगू पाहिला. पोलिसांनी कानांवर हात ठेवले. "प्रकरण सिनेटरसाहेबांच्या समितीकडे आहे. त्यांच्याआधी ऐकलं तर आमचीच चौकशी लागेल."

समितीने पहिल्याच बैठकीत नोंदवलं की पुरावा परकीय लिपीत असून अधिकृत भाषांतराची गरज आहे.

"अहो, चार आकडे आहेत, मी वाचते ना!" सून अदिती म्हणाली.

"आपण साक्षीदाराच्या नातेवाईक आहात," समितीने कळवलं. पुन्हा तोंड उघडल्यास व्हिसाची फाइलही उघडेल, असं खाली बारीक अक्षरात होतं.

मग तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या माणसांना एकेक करून विचारण्यात आलं : साक्षीदाराच्या घरी कधी जेवलात? अख्ख्या मिशिगनमध्ये बिनजेवलेला मराठी माणूस सापडेना. सगळेच हितसंबंधी ठरले. उपसमिती बसली. चार महिन्यांनी तिने अहवाल दिला : ज्याला मराठी येतं तो मावशींना ओळखतो, आणि जो मावशींना ओळखत नाही त्याला मराठी येत नाही. सबब मुदतवाढ मिळावी.

दर सुनावणीला सिनेटर ती पिशवी कॅमेऱ्यासमोर उंच धरून म्हणे, "देशाला उत्तर हवं आहे!" पिशवीसकट त्याचं पोस्टर निघालं. तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. मंडळाच्या ग्रुपवर त्या पोस्टरच्या फोटोला नऊशे लाइक पडले. "मावशी रॉक्स!" "४४१७! काय वळणदार अक्षर आहे यार!" कुणी राजस म्हणाला, "हा नंबर कुणीतरी पेपरात द्यायला हवा." त्यावर यशोधनने लिहिलं, "अरे, ग्रीन कार्ड यायचंय. आपण कशाला?" त्याला अकराशे लाइक पडले.

लाल गाडी मध्यंतरी दोनदा गल्लीतून गेली. दुसऱ्या खेपेला तिच्या काचेवर सिनेटरचं पोस्टर होतं.

सातव्या महिन्यात मावशींना साक्षीला बोलावलं. दुभाषा नेमायचा राहिला होता, पण कॅमेरे आले होते. सिनेटर गंभीरपणे म्हणाला, "गो अहेड, मॅम."

मावशी पदर खोचून उठल्या.

"सिनेटरसाहेब, तुम्हाला आमचे आकडे वाचता येत नाहीत, म्हणून अर्धा गुन्हा माफ. बुटांचा नाही." सिनेटरने समजल्यासारखी मान हलवली. "पण आत्ता फोन धरून तुम्हाला बघताहेत ना, त्या आमच्या शिकल्यासवरल्यांनी नंबर वाचला, अक्षराला शाबासकी दिली आणि बोटाने पुढे सरकवला. साहेब, तुम्ही निवडून येणार. वाचता येणारी माणसं अशी असल्यावर निवडून न येऊन सांगता कुणाला!"