निरोगी खोली क्रमांक नऊ

माणसं कमी केली की स्वच्छता आपोआप येते, हे आरोग्यशास्त्राचं मूलतत्त्व आहे. कुवेतमध्ये आमच्या कंपनीने ते अमलात आणलं. अब्बासियातल्या कामगार-निवासाचा प्रमुख मीच आहे, तेव्हा ऐकीव सांगत नाही.

खोली क्रमांक नऊ कागदावर चार जणांची. राहत चौदा. (खाटा सात. दिवसपाळी उठली की रातपाळी तिच्याच उबेत झोपे. थंडीत ही मोठीच सोय.) खिडकी एक, तिच्यात एसी बसवलेला, म्हणजे खिडकी नाहीच. तरी लेखी तक्रारी शून्य. सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या कपाटात असत, हा निव्वळ योगायोग.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत शेजारच्या इमारतीत कुणाला तरी क्षय निघाला आणि खोकणारी माणसं शोधायला डॉक्टरसकट पथक यायचं ठरलं. सरकारी कचेऱ्यांतली आमची कामं फारूक करी. भलता कर्तबगार माणूस. तपासणीचा वार त्याला पथकाच्या आधी कळायचा.

मग नेहमीची पद्धत. दोन्ही पाळ्यांना सुट्टी (बिनपगारी), तीन खाटा गच्चीवर, धुतलेल्या चादरी, प्लॅस्टिकची फुलं. जादा दहा जणांना कंपनीच्या बसमध्ये घालून तपासणी आटपेपर्यंत फरवानियाच्या रस्त्यांवर फिरवायचं.

तुळशीदास नावाचा देवगडकडचा सुतार महिनाभर खोकत होता. तो बसमध्ये चढेना.

"डॉक्टर येतलो मां? मग माका हयच रवांदे. एकदा छाती दाखवतंय."

"अरे, खोलीचा निकाल बिघडेल. आणि तुला घरी धाडतील ते वेगळंच."

"धाडूंदे. जिवंत तरी जातलंय."

त्याच्या कराराचे चौदा महिने बाकी होते. दारं-खिडक्या कोण बसवणार होतं? मी त्याला हात धरून बसमध्ये बसवलं. बसचा एसी बंद होता. दोन तासांनी ड्रायव्हर रफीकने रस्त्यावरच्या दुकानातून फोन केला, "साहब, इसको अस्पताल ले जाऊँ?" मी म्हटलं, आधी तपासणी आटपू दे. शिस्त म्हणजे शिस्त.

पथकाने चार माणसं तपासली. क्षय : शून्य टक्के. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली.

बस परतल्यावर, खाटा खाली आणण्याआधी, चौदाही जणांनी फुलांशेजारी बसून गावी धाडायला फोटो काढले. ही आमच्याकडची प्रथाच. तुळशीदासला दोघांनी मागून धरलं होतं, ते फोटोत दिसत नाही. अकराव्या दिवशी तो इस्पितळात वारला. निदान : क्षय. (तो इस्पितळाच्या आकड्यांत गेला. खोलीचं शून्य अबाधित आहे.)

त्याच्या तेराव्याला तोच फोटो मोठा करून लावला होता म्हणे. तुम्ही त्याच्या गावचे, तिथे जेवलात. परवा तुमचं पत्र मिळालं : फोटोतली खोली छान, हवेशीर दिसते, भाच्यासाठी एखादी जागा होईल का?

होईल. दिवसपाळीची अर्धी खाट रिकामी आहे. ती कशी रिकामी झाली, हे तुम्ही चार पानी पत्रात कुठेही विचारलेलं नाही. तेव्हा आपलं जमेल.