मधल्या रेघेची भानगड

आलाहजरत निजामांच्या राज्यातले गुन्हेगार सुखाने झोपतात, कारण दिगंबर धारूरकर हे नाव अजून त्यांच्या कानावर गेलेलं नाही, असं खुद्द दिगंबररावच सांगत. दिवसा ते अदालतीत कारकून आणि उरलेल्या वेळी ‘दख्खनचे पहिले शास्त्रशुद्ध गुप्तहेर’. आजवर त्यांनी एकच चोर पकडला होता, आणि तो त्यांचा सासरा निघाला.

त्यांच्या बहिणीचे यजमान दत्तात्रय मास्तर मात्र त्या संध्याकाळी खरेच अडचणीत होते. मलकपेठेच्या मैदानावर बास्केटबॉलचा शेवटचा सामना, आणि पंच मास्तर. अंबरपेठच्या पोरांनी चेंडू मधली रेघ ओलांडून पुढे नेला, तिथून तो कप्तान नरहरकडे फेकला, आणि मास्तरांनी शिट्टी फुंकली. पुढच्या अर्ध्यात नेलेला चेंडू आपणच मागच्या अर्ध्यात आणायचा नाही, असा नियम. चेंडू समोरच्या संघाकडे गेला, पाठोपाठ विजेत्यांची ढालही गेली. मास्तर विकले गेले असा गवगवा झाला, आणि उद्याच्या बैठकीत त्यांची पंचगिरी जाणार हे ठरल्यासारखंच होतं. मास्तरांना घास गिळवेना.

मास्तरांच्या घरी येऊन दिगंबररावांनी शेरवानीच्या खिशातून भिंग काढलं. आधी त्यांनी मास्तरांना गांधीलमाशी चावल्याचं सिद्ध केलं, मग विड्यातून भांग दिल्याचं. शेवटी नरहरला जुळा भाऊ असल्याचं निघालं. भांडायला आलेला नरहर समोरच बसला होता. आपल्याला दोन बहिणीच आहेत, असं तो नम्रपणे म्हणाला.

तेवढ्यात मास्तरांच्या पत्नी शांताबाई चकल्यांची ताटली घेऊन आल्या.

“चेंडू घेतलास तेव्हा पाय कुठे होता रे तुझा?”

“रेघेवर, काकू. मागं बिलकुल गेलो नाही.”

“उंबऱ्यावर उभा असलेला माणूस घरात आला म्हणतात का?”

“नाही,” नरहर म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला.

“रेघ मागच्या अर्ध्याचीच धरतात,” मास्तर म्हणाले. “केव्हाचं सांगतोय. पण दिगंबररावांनी मला संशयित म्हणून गप्प बसवलंय.”

 उद्या बैठकीत आपणच हे सांगू, असं नरहर म्हणाला. मास्तरांना एकदम भूक लागली.

आपला पहिल्यापासून हाच कयास होता, असं बजावून दिगंबरराव निघाले. उंबऱ्यावर पाय ठेवल्यावर त्यांना चकल्या आठवल्या. त्यांनी वळून हात पुढे केला आणि शांताबाईंनी ताटली पुढे धरली.

मास्तरांनी शिट्टी फुंकली. ताटली नरहरकडे गेली.