सहावं टोक

इस्त्री गरम होती, एवढंच निमित्त झालं. माझा शर्ट करून झाला होता, वीज फुकट जळत होती आणि समोर टेबलावर ती चांदणी पडली होती. चुरगळलेली, घडीवर घडी बसलेली, कडा कोमेजलेल्या, रंग पार उडालेला. म्हटलं, चला, आयती तापलेली आहे तर हिच्यावरूनही एक हात फिरवून टाकू. (माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं ‘चला, आयतं आहे तर’ या शब्दांनी सुरू झाली आहेत. लग्न त्यात धरलेलं नाही. हे बायको वाचणार आहे.)

चांदणी म्हणजे नाताळात दारावर लावायची कागदाची चांदणी, माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केलेली. सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्यामागचा हा पहिलाच नाताळ, आणि सासूबाई तो आमच्याकडे करणार होत्या. म्हणून बायकोने माहेरच्या ट्रंकेतलं सगळं जुनं सामान आणलं होतं. चॉकलेटच्या चांद्या नखाने गुळगुळीत करून ओवलेल्या माळा, आगपेट्यांची घरं, त्यांच्या खिडक्यांना पिवळा जिलेटिनचा कागद, आणि बर्फ म्हणून फांदीवर पसरायचा कापूस. (तो मुळात कुठल्यातरी उशीतला होता आणि नाताळ संपला की परत उशीत जायचा.) ते सगळं मांडताना तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. ‘आई आली की आधी दारावरची चांदणी बघेल,’ असं म्हणून ती केकचं सामान आणायला बाहेर पडली.

आता मला काय माहीत, की चकाकी यावी म्हणून सासऱ्यांनी त्या कागदाला मेण चोळलं होतं! मी घडी न उलगडताच इस्त्री टेकवली. आधी छान वास आला. मग वेगळा वास आला. मी घाबरून इस्त्री उचलली, तर तिच्याबरोबर चांदणीही उचलली गेली. ओढली, तेव्हा वरचा अर्धा भाग माझ्या हातात आला, जळक्या चहाच्या रंगाचा. खालचा अर्धा इस्त्रीला चिकटून धुमसत राहिला.

मी विमा कंपनीत आगीच्या नुकसानीचे अर्ज तपासतो. ‘आग लागली तेव्हा आपण नेमकं काय करत होता?’ हा प्रश्न मी लोकांना रोज विचारतो आणि त्यांची उत्तरं मला नेहमी संशयास्पद वाटतात. म्हणजे त्या दिवसापर्यंत वाटायची.

‘कसला वास येतोय?’ बायकोने दारातूनच विचारलं.

‘मेणबत्ती लावली होती.’

‘भर दुपारी?’

‘चालते का ते बघत होतो.’

तिने इस्त्रीकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याची मला सवय आहे. पण तिने तो अर्धा तुकडा हातात घेतला, खुर्चीवर बसली आणि हळूच म्हणाली, ‘बाबांच्या हातची एवढी एकच चांदणी उरली होती. आता आईला काय दाखवू?’ मला इतकं वाईट वाटलं की तोंडातून भलतंच निघून गेलं.

‘मी करतो. अगदी तशीच करतो.’

‘तुम्ही?’

‘का? भिंतीवरची फळी कोणी बसवली?’

‘ती जमिनीवर आहे.’

तरी तिने आल्बम काढला, यावरून तिची अवस्था कळावी. कातरलेल्या कडांचा छोटासा काळा-पांढरा फोटो होता. मधे खुर्चीत तरुण सासूबाई, पुढचे दात पडलेली माझी बायको, गालात केक कोंबलेला माझा मेव्हणा, मागे बादलीत उभी केलेली फांदी आणि तिच्यावर तो उशीतला बर्फ. आणि अगदी डाव्या कडेला चांदणी.

‘यात बाबा कुठे आहेत?’

‘फोटो काढत असणार. नाताळच्या एकाही फोटोत बाबा नाहीत,’ ती म्हणाली आणि फोटोवरची नसलेली धूळ पदराने पुसत राहिली.

‘आणि चांदणीचा रंग?’

‘निळा.’

खात्री करावी म्हणून मी मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘लाल, भाऊजी. लालभडक.’

‘ताई निळा म्हणते.’

‘ताईला तेव्हा चष्मा नव्हता.’

बायकोने माझ्या हातून फोन हिसकावून घेतला. पुढचा बराच वेळ घरात माझी कोणाला गरज नव्हती, म्हणून मी फोटो घेऊन गल्लीतल्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ पाहिलं.

‘करडी आहे,’ तो म्हणाला.

‘ते मलाही दिसतंय. मुळात कुठली होती?’

‘मुळात कुठलीही असली तरी फोटोत करडीच येणार.’

‘मग इतका वेळ काय पाहत होता?’

‘टोकं मोजत होतो. सहा आहेत.’

मी भिंग घेतलं. खरंच! पाच टोकं लांब, अणकुचीदार. आणि डावीकडे खाली, दोन टोकांच्या मधे, एक बुटकं, जाडसर, शेंड्याला गोल. मी म्हटलं, चूक झाली असेल. फोटोवाला दुखावला. ‘जुनी माणसं अशा कामात चुकत नसत, साहेब. काहीतरी अर्थ असणार.’ त्याने मला फोटो मोठा करून दिला. आम्ही दोघं त्या सहाव्या टोकाकडे आदराने पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी चांदणी केली. माहेरात भांडण नको म्हणून अर्धी निळी, अर्धी लाल. पाच टोकं भराभर झाली, पण सहाव्याने घाम काढला. त्याला किंचित बाक होता, मधे एक सुरकुती होती आणि शेंड्यावर चकचकीत अर्धगोल होता. तो मी चॉकलेटची चांदी चिकटवून हुबेहूब साधला. (डिंक वाळेपर्यंत ती चांदी माझ्या कपाळावर होती. कशी गेली ते विचारू नका.)

‘हे काय?’ बायकोने विचारलं.

‘सहावं टोक. तुझ्या बाबांचं खास.’

‘मला नाही आठवत.’

‘तू लहान होतीस.’

तिने फोटो पाहिला, चांदणी पाहिली. ‘असेल बाई. बाबा काहीही करायचे,’ ती म्हणाली, आणि आम्ही चांदणी दारावर लावली.

दुपारी मेव्हणा सासूबाईंना घेऊन आला. त्या दारातच थांबल्या आणि वर पाहू लागल्या. बायकोने माझं कोपर इतकं घट्ट धरलं की मुंग्या आल्या.

‘ही ह्यांची नाही,’ सासूबाई म्हणाल्या.

‘आई, ती जळली गं. म्हणजे, यांनी इस्त्री केली...’

‘चांदणीला?’

‘आयती तापलेली होती,’ मी म्हणालो.

सासूबाईंनी एक सुस्कारा सोडला. ‘बरं झालं. अगं, त्यांची एकही चांदणी दुसरा नाताळ बघायची नाही. दर वर्षी मेणबत्तीने पेटायची नाहीतर हेच तिच्यावर बसायचे. मग नवी. कधी निळी, कधी लाल, मिळेल त्या कागदाची. ही शेवटची तेवढी राहिली, कारण पुढच्या वर्षी हातच चालेनात.’ त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ‘सबंध प्रवासभर मी हाच विचार करत होते. ती दारावर दिसली असती तर मला आत येववलं नसतं.’

बायकोने आईला मिठी मारली. आपण दोघंही बरोबर होतो हे कळून बहीणभाऊ जरा हिरमुसले. मी हळूच कोपर सोडवून घेतलं. एवढ्यात सासूबाईंनी डोळे पुसून पुन्हा वर पाहिलं.

‘पण जावईबापू, हे खाली काय बुटकं काढलंय?’

‘सहावं टोक,’ मी नम्रपणे म्हणालो आणि मोठा केलेला फोटो पुढे केला. ‘मूळ चांदणीत आहे. अर्थ काही लागला नाही.’

सासूबाईंनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, पुन्हा रडू फुटलं. पण त्या हसत होत्या. हसता हसता पायरीवरच बसल्या.

‘अहो, हा ह्यांचा अंगठा!’

मी दारावर पाहिलं. बाक, सुरकुती, वर चांदीचं नख. इतका हुबेहूब अंगठा एखाद्या मूर्तिकारालाही साधला नसता.

‘चांदणी दारावर असायची,’ सासूबाई सांगू लागल्या. ‘मला ती फोटोत हवी असायची. मग हे ती काढून आत आणायचे आणि धरून कडेला उभे राहायचे. फोटो शेजारचे काढायचे. मी म्हणायचे, अहो, तुम्ही या की मधे. तर म्हणायचे, मग चांदणी कोण धरणार?’

बायकोने तो फोटो खिडकीपाशी नेला. ‘म्हणजे बाबा होते,’ ती म्हणाली. ‘सगळ्या फोटोंत होते.’

मग आल्बम उघडला गेला. प्रत्येक नाताळात कडेला चांदणी होती आणि तिच्यावर अंगठा. एका वर्षी त्याला चिंधी बांधलेली. (‘कात्री,’ सासूबाई म्हणाल्या.) आम्ही हसत होतो आणि सगळ्यांचे डोळे वाहत होते. माझेही, आणि या वेळी घरात धूर नव्हता.

‘चला, यंदाचा फोटो,’ सासूबाई उठल्या. ‘जावईबापू, चांदणी आता तुम्ही धरायची.’

इतका मान मला ऑफिसात कधी मिळाला नाही. मी चांदणी काढली, डाव्या कडेला उभा राहिलो आणि अंगठा नीट, प्रकाशात येईल असा ठेवला. मेव्हण्याने त्याचा जुना कॅमेरा काढून फोटो घेतला. धुऊन आला तो झकास आला. डाव्या कडेला चांदणी आणि तिच्यावर भला मोठा अंगठा! मी ऑफिसात टेबलाटेबलावर फिरून तो दाखवला. आमच्या ऑफिसात अर्जदारांना अंगठा दाखवायची रीतच आहे, पण कौतुकाने दाखवणारा मी पहिला.

मग तो चौकटीत बसवायला गल्लीतल्या फोटोवाल्याकडे नेला. त्याने भिंग लावलं.

‘हा अंगठा चांदणीवर नाही, साहेब. कॅमेऱ्याच्या भिंगावर आहे. ज्याने फोटो काढला त्याचा.’

‘आणि माझा?’

‘तो ह्याच्यामागे असणार.’

मी घरी काही बोललो नाही. मेव्हण्याचा अंगठा आता आमच्या बैठकीत चौकटीत बसलाय. सासूबाई आमच्याकडे आल्या की येणाऱ्याजाणाऱ्याला तो अभिमानाने दाखवतात आणि म्हणतात, ‘आमचे जावई एरवी कसेही असोत, फोटोत मात्र छान येतात.’