भिंगरीची ढ विद्यार्थिनी

शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर माझी कवळी तुमच्या हवाली.

माझी नात भिंगरी पाचवीत. अपूर्णांकांच्या चाचणीत पुन्हा नापास झाली असती, तर बाई तिची तुकडी बदलणार होत्या. म्हणजे जिवाभावाची मैत्रीण सुटली. आणि हिचं म्हणणं काय, तर गणित काहींच्या डोक्यात जन्मतःच असतं, माझ्यात घालायचं राहिलं! म्हणून अभ्यास म्हणजे पुस्तक उघडून खिडकीबाहेर बघणं.

अपूर्णांक मला तोंडपाठ. पण मी वेड पांघरून पेडगावला गेले. म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही, तू शिकव.

झालं! मला शिकवायचं म्हणून ती आधी स्वतः वाचायची, अडलं की बाईंना विचारून यायची. मला रोज गृहपाठ. चुकले तर रागवायची नाही हो, कुठे चुकलं ते मलाच शोधायला लावायची. मी मुद्दाम ढीगभर चुकायचे.

ते लाल शेऱ्यांचे कागद माझ्या मुलाला सापडले. आईचं डोकं कामातून चाललं, असं त्याला वाटलं. कागदांसकट मला डॉक्टरकडे नेलं. माझ्या छोट्या बाईंनी आपली विद्यार्थिनी एकटी थोडीच सोडली? भिंगरीही आली.

डॉक्टरांनी कागदावरचंच विचारलं, "आजी, एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती?"

आली पंचाईत! बरोबर सांगावं तर नातीला ढोंग कळणार, ती पुन्हा खिडकीशी, आणि चाचणी परवावर. चुकीचं सांगावं तर डोक्याच्या तपासण्या. मी जीव मुठीत धरून म्हटलं, "दोन छेद पाच."

मुलाने डोळेच मिटले.

भिंगरीने डॉक्टरांचं पॅड ओढलं. "घाबरू नकोस, आजी. मलाही आधी हेच यायचं. छेद सारखे केलेस का?" तिने त्यावर एक लांब पट्टी आखली, तिचे सहा भाग केले, आधी तीन रंगवले, मग दोन. "आता तू मोज."

"पाच छेद सहा," मी म्हटलं.

"बघ! डोक्यात नसतं गं, बसून घालावं लागतं."

डॉक्टर म्हणाले, "आजी ठणठणीत आहेत. माझ्याच मुलाला या छोट्या बाईंची शिकवणी लावायला हवी."

चाचणीत तिला वीसपैकी सोळा. तुकडी तीच, मैत्रीण तीच. आहे की नाही पोरगी गुणाची?

आता एवढं कौतुक केलंच आहे, तर एक कबूल करते. बाकी सगळं खरं, ती ढोंगाची गोष्ट तेवढी मी सांगताना रचली. दोन छेद पाच हे मला अगदी बरोबर वाटलं होतं.